खरखरीतला ठोका

पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला बिबट्या 2009 साली बाहेर काढला, गळ्यात जीपीएस पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडून दिला. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातला हाच तो ‘आजोबा’. महिनाभराच्या आत गडी सव्वाशेएक किलोमीटर चालून, वसईची खाडी ओलांडून थेट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात! त्याचा पट्टा मोबाइल नेटवर्कवरून ठावठिकाणा कळवायचा; रेंज नसली की गप्प. नकाशावरच्या त्या वाटेचं कौतुक सगळ्यांनी केलं, पुढे त्यावर सिनेमाही आला. मला मात्र दोन ठिपक्यांमधल्या कोऱ्या जागा वाचायला जास्त आवडतात.

आजोबाच्या वेळी ड्रोन नव्हता. आता साधा रेडिओ पट्टा ड्रोनवरून ऐकतात, आणि खरी रंगत तिथे आहे. हा पट्टा ठिकाण सांगतच नाही. सेकंदा-दीड सेकंदाला एक ठोका, तोही सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग. अकोले तालुक्यातल्या उसात बिबट्या दडून बसला, तर ओल्या पानांतच हा ठोका बराचसा जिरतो. ड्रोन वर चढला की आडोसा सुटतो. पण त्याच्या मोटारींची स्वतःचीच खरखर सुरू. अँटेना त्यांच्यापासून लांब टांगावी लागते.

आता रिसीव्हरचा पडदा बघा. आडवी फ्रिक्वेन्सी, खाली सरकत जाणारा वेळ, सगळीकडे ठिपक्यांचा चुरा. त्यात एकाच उभ्या ओळीत, सारख्या अंतराने, पुसट रेघोट्या. सुटी रेघोटी दाखवून कुणी शपथ घ्यायला सांगितली, तर मी घेणार नाही. पण दहा ठोके एकावर एक रचले की खरखर विरत जाते आणि ठोका गडद होतो. घोडेगावच्या बाजारातल्या गलक्यात आपल्या बैलाचं घुंगरू कळतं, ते चालीवरून, तसंच हे. रचताना अंतर जरा चुकलं, की सगळं पुन्हा चुऱ्यात.

रसिकाला इथेच मोह होतो. लय आधीच ठाऊक असली की डोळा ती कुठेही काढून दाखवतो. म्हणून ड्रोन जागच्या जागी सावकाश गोल फिरवायचा. पट्ट्याच्या रेघोट्या एका दिशेला ठसठशीत होतात, दुसरीकडे मावळतात. ज्या कुठेही वळलं तरी तशाच राहतात, त्या बहुतेक आपल्याच ड्रोनच्या. त्या आधी खोडायच्या.