साखर की सॅकरिन : ‘मारिएन्थालचे बेरोजगार’ वाचताना

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, गरिबीने माणूस खचतो हे सांगायला पुस्तक कशाला लागतं? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आज ‘मारिएन्थालचे बेरोजगार’ हे १९३३ सालचं पुस्तक घेतो. लेखक तिघं : मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल.

व्हिएन्नाजवळचं मारिएन्थाल हे गाव एका कापडगिरणीवर जगत होतं. १९३०च्या सुरुवातीला गिरणी पुरती बंद पडली. आता कोणालाही वाटेल, लोकांकडे वेळच वेळ, वाचन वाढलं असणार. झालं उलटं. वाचनालयाने शुल्क माफ केलं, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. रस्त्याने जाणारे पुरुष चालता चालता पुन्हापुन्हा थांबायचे. संशोधकांनी लपून, घड्याळ लावून हे मोजलं. बायका मात्र फारशा थांबत नव्हत्या. त्यांचा पगार गेला होता, काम गेलं नव्हतं! मला हे निरीक्षण पुस्तकातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

माझी तक्रार वेगळी आहे. लेखक कुटुंबांचे चार गट पाडतात : न खचलेली, निमूट झालेली, हताश आणि बधिर. ही नावं ऐकली की वाटतं, हे स्वभाव आहेत. पण त्याच पुस्तकातले आकडे बघा. या चार गटांचं महिन्याचं माणशी सरासरी उत्पन्न अनुक्रमे ३४, ३०, २५ आणि १९ शिलिंग. आणि पाच शिलिंगांचा फरक म्हणजे काय, तर घरात साखर येते की सॅकरिनवर भागवावं लागतं, इतका. हेही लेखकच सांगतात. बेकारभत्त्याची मुदत संपत जाते तसं घर एकेक पायरी उतरतं. मग ‘हताश’ हे विशेषण मनाचं, की जमाखर्चाच्या वहीचं? पैसा म्हणजेच मन, असं मी म्हणत नाही. पण आकडे छापूनही लेखकांनी नावं मनाचीच ठेवली, आणि वाचकाच्या लक्षात नावंच राहतात.

ही चूक मीही केलेली आहे. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. आमच्या ओळखीचा एक साचेवाला होता, मोठा गप्पिष्ट माणूस. पावसाळ्यापर्यंत चाळीत बोललं जाऊ लागलं की तो तिरसट झालाय, अंगावर येतो. मीही मान डोलावली. पुढे त्याच्या बायकोकडून कळलं, वाण्याने त्यांची उधारी बंद केली होती, ती त्याच सुमाराला.