व्होडकाने किरणोत्सार उतरतो का?

आमच्या घरातील बारावीच्या मुलाने चेर्नोबिलचे नाव पहिल्यांदा ऐकले ते पाठ्यपुस्तकात नव्हे, तर 'स्टॉकर : शॅडो ऑफ चेर्नोबिल' या संगणकावरील खेळात. म्हणून आम्हीही तो खेळून पाहिला. कीव्हच्या 'जीएससी गेम वर्ल्ड'ने तो २००७ साली आणला. ठरावीक वाटेने न नेता खेळाडूला विस्तीर्ण प्रदेशात मोकळे सोडणारा हा बंदुकीचा खेळ आहे. लहान मुलांसाठी तो नाही.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सुमारे ४९ हजार वस्तीचे प्रिप्यात शहर रिकामे करण्यात आले. खेळ घडतो तो या निर्मनुष्य पट्ट्यात, २००६ मधील एका काल्पनिक दुसऱ्या स्फोटानंतर.

दोन गोष्टी आम्हांला मनापासून आवडल्या. पहिली, गायगर गणकाची टकटक. डोळ्यांना न दिसणारा धोका कानांना कळतो, आणि उपकरण कशासाठी असते हे कोणी न सांगता समजते. दुसरी, बोल्ट. वाटेत अदृश्य सापळे असतात. खेळाडू आधी खिशातला बोल्ट पुढे फेकतो, काय होते ते पाहतो आणि मगच पाऊल टाकतो. ही कल्पना मुळात स्ट्रुगात्स्की बंधूंच्या कादंबरीतली. अंदाज, साधी चाचणी, मग निर्णय : प्रयोगशाळेत आम्ही तरी वेगळे काय करतो?

पण खुद्द किरणोत्साराबाबत खेळ फसतो. येथे किरणांची बाधा झाली, की व्होडका प्यायची किंवा इंजेक्शन टोचून घ्यायचे; बाधा उतरते! प्रत्यक्षात शरीराने शोषलेली मात्रा परत काढून घेता येत नाही. पेशी काही इजा स्वतः दुरुस्त करतात; उरलेल्या इजेचा परिणाम कधी कधी अनेक वर्षांनी दिसतो. खेळातली आंधळी, विद्रूप कुत्रीही कल्पनेतलीच. माणूस निघून गेल्यावर खऱ्या पट्ट्यात लांडगे, एल्क, रानडुकरे नांदत आहेत. १९९८ साली सोडलेले प्रझेवाल्स्की घोडेही तेथे रुजले.

"मग खरा उपाय काय होता?" मुलाने विचारले. आम्ही कागद पुढे ओढला. आयोडीन-१३१चे अर्धायुष्य ८ दिवस. दहा अर्धायुष्यांत, म्हणजे ८० दिवसांत, ते सुमारे एक हजारांशावर येते. स्फोटानंतर हे आयोडीन गवतावर पडले, गाईंच्या दुधात उतरले आणि मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत साठले. पुढे त्या मुलांमध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण आढळले. त्यांतील बऱ्याच जणांच्या आजाराचे कारण हे आयोडीनच मानले जाते. पहिले काही आठवडे ते दूध मुलांना दिले नसते, तर यातले पुष्कळ टळले असते. सीझियम-१३७चे अर्धायुष्य मात्र सुमारे ३० वर्षे. तेथे आठवड्यांचा हिशेब चालत नाही.

खेळात नाही ते हे काळाचे गणित. वर्गात कोणी हा खेळ खेळलेला असेल, तर शिक्षकांनी रागावू नये. त्यालाच फळ्यापाशी बोलवावे आणि १९८६चे सीझियम आज किती उरले, ते काढायला सांगावे.