आरएक्स 100 वर 135 चा ब्लॉक: बसतो, पण जमतो का?

मागच्या पोस्टमध्ये टू-स्ट्रोक इंजिनात जळलेला धूर बाहेर जाताना ताजं मिश्रण आत कसं येतं, ते आपण पाहिलं. माझ्या पीएचडीचा विषयच तो. पण आज प्रयोगशाळेतलं इंजिन बाजूला ठेवू आणि अंबाजोगाईतल्या एका गॅरेजमधलं इंजिन तपासू. हे एक परीक्षणच समजा, फक्त पुस्तकाचं किंवा सिनेमाचं नाही, एका जोडणीचं.

निमित्त घरचंच आहे. माझ्या मावसभावाकडे त्याच्या वडिलांची यामाहा आरएक्स 100 आहे. काकांनी ती जीव लावून सांभाळली. ब्लॉक झिजला तेव्हा भावाने त्यावर आरएक्स 135 चा ब्लॉक आणि पिस्टन चढवला. गाडी पळाली, जोरात पळाली. मग गेल्या दिवाळीत परळीच्या रस्त्याला उतारावर पिस्टन जाम झाला आणि मागचं चाक धरलं गेलं. त्याने क्लच दाबला म्हणून खरचटण्यावर निभावलं. आता मिस्त्री म्हणतात, "ब्लॉक खराब निघाला, दुसरा टाकू. बाकी काय बी प्रॉब्लेम नाही." भावाने मला विचारलं, "दादा, टाकू का?"

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हीच गाडी आणि हाच प्रश्न असणार, म्हणून उत्तर इथेच लिहितोय.

आधी मिस्त्रींची बाजू. ही कल्पना वेडगळ नाही. आरएक्स 100 भारतात 1985 ला आली आणि 1996 ला बंद झाली. तिचे अस्सल भाग मिळणं अवघड, मिळाले तर महाग. आरएक्स 135 ही तिचीच बहीण, आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोघींचा स्ट्रोक एकच, 50 मिमी. फरक बोअरमध्ये आहे, 100 ला 50 मिमी आणि 135 ला 58. म्हणजे पिस्टन तेवढाच वर-खाली होतो, फक्त जाड झाला. क्रँक बदलायची गरज नाही. गॅरेजमध्ये कुणी पुस्तक न उघडता हे ओळखलं, याचं मला कौतुक आहे.

आणि हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. उभं राहून चालवायची जेट स्की तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल. पाण्यावरचं हे वाहन टू-स्ट्रोक इंजिनांच्या भेसळीसाठी जगभर प्रसिद्ध आहे. यामाहाची सुपरजेट 1990 ला 633 सीसी इंजिन घेऊन आली, पुढे ते 701 सीसी झालं. दोन्हींचा स्ट्रोक 68 मिमी, बोअर 77 चा 81 झाला. कावासाकीच्या जुन्या 400, 440 आणि 550 मध्ये स्ट्रोक 60 मिमीच, बोअर मात्र 65, 68 आणि 75. म्हणून तिकडचे हौशी लोक एकाचा क्रँककेस आणि दुसऱ्याचा सिलिंडर जोडत आले. उलट कावासाकीच्या 650 चा स्ट्रोक 70 आणि 750 चा 74. तिथे नुसता वरचा भाग उचलून ठेवला तर चालत नाही. नियम तोच: स्ट्रोक जुळला तर बोलणी सुरू होतात.

पण बोलणी सुरू झाली म्हणजे लग्न ठरलं असं नाही. माझा आक्षेप इथून सुरू होतो.

पहिला मुद्दा उडी किती मोठी, याचा. 633 वरून 701 म्हणजे साधारण 11 टक्के वाढ. 440 वरून 550 म्हणजे साधारण 22 टक्के. आपली 98 वरून 132 ही उडी तब्बल 35 टक्क्यांची आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन खाली येताना तिथलं मिश्रण दाबून वर सिलिंडरमध्ये ढकलतो. पंपाचा दट्ट्या 35 टक्के मोठा झाला, पण 100 चा रीड व्हॉल्व्ह, 100 चा कार्ब्युरेटर आणि क्रँककेसमधले 100 च्या मापाचे रस्ते तसेच राहिले. दंड फुगले, नाक तेवढंच! अशा गाडीला खालून पिकअप झकास लागतो, पण वर गेल्यावर दम लागतो. सीसी 35 टक्के वाढली म्हणून ताकद 35 टक्के वाढेल, ही अपेक्षा चुकीची आहे.

दुसरा मुद्दा वजनाचा. 58 चा पिस्टन 50 च्या पिस्टनपेक्षा जड. क्रँकवरचं संतुलन कंपनीने हलक्या पिस्टनसाठी केलेलं. कनेक्टिंग रॉड 100 मिमी धरून मी हिशोब केला. 7500 आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाला असताना प्रत्येक जादा 10 ग्रॅम वजन क्रँकला जवळजवळ 20 किलोचा हिसका देतं. 9000 ला हाच हिसका 28 किलोचा होतो, आणि तो सेकंदाला दीडशे वेळा बसतो. हँडलला येणारी झिणझिण म्हणजे "पॉवर जाणवते" असं भाऊ म्हणायचा. ती पॉवर नव्हती, बेअरिंगची तक्रार होती.

तिसरा मुद्दा पॅकिंगचा, आणि हा सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. ब्लॉक नीट बसेना किंवा पिस्टन हेडला लागायची भीती वाटली, की खाली जाड पॅकिंग घालायची पद्धत आहे. एक मिमीने काय होतं? वरच्याच मापांवर काढलेला हिशोब पाहा. एक्झॉस्ट पोर्ट उघडा राहण्याचा काळ सुमारे साडेचार अंशांनी वाढतो, पण ट्रान्सफर पोर्टचा सहा अंशांहून जास्त. कारण स्ट्रोकच्या खालच्या भागात पिस्टन हळू चालतो, तिथे एक मिमी म्हणजे जास्त अंश. परिणाम असा की धूर बाहेर पडायला जी आघाडी मिळायची तीच कमी होते. जुना धूर पुरता निघायच्या आत ताजं मिश्रण दार ठोठावतं. शिवाय हेडखालची जागा 2.6 सीसीने वाढते आणि कंप्रेशन उतरतं. एका पॅकिंगने इंजिनाचं वेळापत्रकच बदललं, आणि बिलात तिची नोंद "पॅकिंग, 1 नग" एवढीच.

चौथा मुद्दा म्हणजे उतारावर नेमकं काय झालं. मोठ्या ब्लॉकचा लायनर आत जावा म्हणून क्रँककेसचं तोंड लेथवर मोठं केलं होतं. त्यामुळे पॅकिंग बसायची कड अरुंद झाली. ब्लॉक उघडला तेव्हा त्या कडेला तेलकट काळा पट्टा दिसला. माझ्या मते तिथून हवा ओढली जात होती. जादा हवा म्हणजे पातळ मिश्रण, आणि पातळ मिश्रण म्हणजे पिस्टन तापणार. त्यात उतारावर थ्रॉटल बंद, गाडी गिअरमध्ये आणि आरपीएम चढलेले. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला तेल पेट्रोलसोबतच येतं. थ्रॉटल बंद तर तेलही तुटपुंजं. तापलेला पिस्टन फुगला आणि ब्लॉकमध्ये अडकला. ब्लॉकचा यात दोष नव्हता. म्हणून दुसरा ब्लॉक टाकून हे सुटणार नाही.

आता कुणी विचारेल, जेट स्कीवाल्यांचं मग कसं जमतं? जमतं, कारण त्यांचं काम वेगळं आहे. तिथे गिअर नाहीत. पाण्याच्या पंपाला लागणारी ताकद आरपीएमच्या घनात वाढते. आरपीएम 10 टक्के वाढवायचे तर ताकद 33 टक्के जादा हवी. त्यामुळे पूर्ण थ्रॉटलला इंजिन एका ठरावीक आरपीएमला येऊन थांबतं, आणि इम्पेलर बदलून तो आकडा हवा तिथे आणता येतो. इंजिन एका अरुंद पट्ट्यातच ताकद देत असेल तरी निभावतं. शिवाय थंड करायला अख्खा तलाव खाली आहे. आपल्या गाडीला चार गिअर, मे महिन्यातली मराठवाड्याची हवा आणि घाट. थ्रॉटल कधी पूर्ण, कधी बंद. म्हणून तिकडचा यशस्वी नुस्खा बघून इकडे तो उचलू नका.

थोडी टीका माझ्या बिरादरीवरही. गॉर्डन ब्लेअर यांचं 1996 चं पुस्तक आमच्या विषयातलं मोठं काम आहे. पण अशी पुस्तकं कोऱ्या कागदावर इंजिन आखणाऱ्यासाठी असतात. ज्याच्यासमोर एका गाडीचा क्रँककेस आणि दुसऱ्या गाडीचा ब्लॉक ठेवलाय, त्या माणसासाठी आम्ही संशोधकांनी फार थोडं लिहिलंय, मराठीत तर त्याहून कमी. मग तो ऐकीव गोष्टींवर चालतो. चूक एकट्या मिस्त्रींची नाही.

कायद्याचंही सांगून ठेवतो. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, त्यामुळे ब्लॉक बदलला तरी नंबर तोच राहतो. पण आरसीवर लिहिलंय 98 सीसी आणि रस्त्यावर धावतंय 132. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असा मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही. अपघात झाला तर विम्याच्या वेळी हा फरक अंगाशी येऊ शकतो.

तर माझा निकाल असा. जोडणी म्हणून कल्पना हुशार, काम अर्धवट. नुसता ब्लॉक बदलणं म्हणजे धोतरावर टाय. करायचंच असेल तर रीड, कार्ब्युरेटरचे जेट, हेड, क्रँकचं संतुलन आणि क्रँककेसची कड असं सगळं एकत्र धरावं लागतं. एवढा खर्च मोजला तर जुन्या ब्लॉकला नवा लायनर टाकून मूळ मापावर आणणं स्वस्त पडतं, आणि कागदपत्रंही खरी राहतात.

आधीच जोडणी करून बसला असाल तर मिस्त्रींना चार गोष्टी विचारा. क्रँककेसची कड किती उरली? खाली पॅकिंग किती मिमीची? जेट बदलला का? प्लगचा रंग शेवटचा कधी पाहिला? पांढुरका दिसला तर गाडी तिथेच थांबवा. आणि लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवू नका, मधूनमधून थोडा द्या, म्हणजे तेल पोचतं.

भावाला मी हेच सांगितलं. तो जरा हिरमुसला. काका मात्र म्हणाले, "मला ती 98 चीच पाहिजे. तेवढी बास होती." लायनरचं काम सध्या लेथवर आहे. गाडी सुरू झाली की पोर्टची मापं घेऊन पुढची पोस्ट लिहीन. तुमच्याकडे जुना ब्लॉक पडला असेल तर भंगारात टाकू नका, आधी मापून ठेवा.