व्हिएन्नाची गोडी

गोड पदार्थ करताना घरातील जाणती बाई जिभेआधी पाकाची तार पाहते. तार एक की दोन, यावर पदार्थाचे भवितव्य ठरते. युरोपातील व्हिएन्ना नगरीची कीर्ती तिच्या गोडीवर उभी आहे. तेव्हा तिच्याकडेही याच नजरेने पाहिलेले बरे. तेथे एकच दिवस हाताशी असलेल्या प्रवाशाचा क्रम बहुधा ठरलेला असतो : सकाळी संत स्तेफानचे देवालय, दुपारी चॉकोलेटचा केक आणि रात्री योहान श्ट्राउसचे वॉल्ट्झ. हौशी प्रवासी या तिन्हींवर लुब्ध होतो. करडा रसिक मात्र ‘हे सारे हलव्याचे दागिने’ म्हणून नाक मुरडतो. माझ्या मते दोघेही तार न पाहताच निकाल देतात. व्हिएन्नाची गोडी खोटी नाही. पण तिच्यातला कडवटपणा बाजूला काढून ती वाढली, की मिळमिळीत होते.

देवालयापासूनच आरंभ करू. १४३३ साली पुरा झालेला त्याचा दक्षिण मनोरा सुमारे १३६ मीटर उंच आहे, आणि छपरावरील रंगीत कौलांची नक्षी एखाद्या भरजरी पदरासारखी दिसते. पाहणाऱ्याला वाटते, हे सारे शतकानुशतके असेच असेल. पण एप्रिल १९४५ मध्ये, युद्धाच्या अगदी अखेरीस लागलेल्या आगीत जुने छप्पर जळून गेले आणि ‘पुमरिन’ नावाची प्रचंड घंटा कोसळून फुटली. ही घंटा १७११ साली ओतली होती, आणि तीही १६८३ च्या वेढ्यात तुर्कांनी मागे टाकलेल्या तोफांच्या धातूतून. तिच्याच तुकड्यांतून १९५१ साली नवी घंटा ओतण्यात आली. वजन वीस टनांहून अधिक. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री ती वाजते, आणि तिच्या पाठोपाठ ऑस्ट्रियाच्या नभोवाणीवर श्ट्राउसची ‘निळी डॅन्यूब’ सुरू होते. तोफ, आग आणि मग नाच! या नगरीच्या गोडीचे सूत्र या क्रमात सापडते.

आता केक. १८३२ साली मेटरनिख या मुत्सद्द्याच्या मुदपाकखान्यात फ्रान्झ झाखर नावाच्या सोळा वर्षांच्या उमेदवाराने तो प्रथम केला, असे परंपरा सांगते. त्याच्या आडनावाचा उच्चार आपल्या साखरेच्या इतक्या जवळ जावा, हा एक गमतीचा योगायोग! त्याचा मुलगा एडुआर्ड डेमेलच्या मिठाईच्या दुकानात हे काम शिकला, आणि १८७६ साली त्याने स्वतःचे हॉटेल काढले. पुढे अस्सल केक कोणाचा यावरून हॉटेल आणि दुकान कोर्टात गेले. वर्षानुवर्षे चाललेला हा वाद १९६३ साली तडजोडीने मिटला. ‘अस्सल’ हा शब्द हॉटेलाला मिळाला. तेथे जर्दाळूचा मुरंबा केकच्या मधोमधही असतो. डेमेलच्या केकमध्ये तो केवळ वरच्या लेपाखाली असतो. मुरंब्याच्या जागेवरून कज्जा करणारी माणसे आपल्याला हास्यास्पद वाटतील. पण चव ही प्रमाणावर आणि जागेवर अवलंबून असते, हे त्यांना ठाऊक होते. केक मुळात किंचित कोरडाच. त्यावर जर्दाळूचा आंबटपणा, चॉकोलेटचा हलका कडवटपणा, आणि शेजारी बिनसाखरेची फेटलेली साय. गोडीला तोल देणारी ही मंडळी ताटातून उठवली, तर उरते ती नुसती साखर.

संगीताचा न्यायही हाच आहे. वॉल्ट्झचा ठेका तीन मात्रांचा, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या अर्ध्या आवर्तनाएवढा. व्हिएन्नाचे वादक त्यातली दुसरी मात्रा किंचित आधी घेतात. त्यामुळे तिसरीपूर्वी पाऊल क्षणभर अधांतरी राहते. सारी लज्जत त्या अधांतरीपणात आहे. ‘निळी डॅन्यूब’चा जन्मही असाच अधांतरी काळातला. १८६६ साली प्रशियाने ऑस्ट्रियाचा दारुण पराभव केला. त्यानंतरच्या खिन्न हिवाळ्यात, १५ फेब्रुवारी १८६७ रोजी, पुरुषांच्या एका गायनमंडळाने हे वॉल्ट्झ प्रथम गायिले. शब्द होते उदास नगरीची थट्टा करीत तिला नाचायला उठविणारे. रचनेचा आरंभ पाहा : व्हायोलिनांचा मंद कंप, त्यातून दुरून आल्यासारखी हॉर्नची हाक. नाच लगेच सुरू होतच नाही. आणि सरतेशेवटी, लगबगीने समारोप होण्यापूर्वी, पहिली चाल एकवार आठवणीसारखी परत येते. ज्याने हे दोन्ही क्षण ऐकले नाहीत, त्याने मधला नाच ऐकूनही ‘निळी डॅन्यूब’ ऐकली नाही.

हे वॉल्ट्झ आज जगाला ठाऊक आहे ते मुख्यतः नववर्षाच्या मैफलीमुळे. १८७० साली उघडलेल्या म्युझिकफेराइनच्या सोनेरी सभागृहात व्हिएन्ना फिलहार्मोनिक ती सादर करते. पण ही मैफल प्रथम झाली ३१ डिसेंबर १९३९ रोजी, नाझी अमलात. आदल्याच वर्षी या वाद्यवृंदातून ज्यू वादकांना काढून टाकण्यात आले होते. पुढे त्यांतील सातजण छळछावण्यांत किंवा छळापायी मृत्युमुखी पडले. खुद्द श्ट्राउसचे पणजोबा जन्माने ज्यू होते. त्यांच्या विवाहाची १७६२ सालची नोंद संत स्तेफानच्या दप्तरात होती. नाझींनी १९४१ साली ते दप्तर नेले आणि ही नोंद गाळलेली नक्कल तेथे ठेवली. चाल हवी, पण तिचे कूळ नको! गोडीतून कडवटपणा काढून टाकण्याचा याहून निर्लज्ज प्रकार मला ठाऊक नाही. वाद्यवृंदाने आपल्या या काळाचा इतिहास २०१३ साली इतिहासकारांकरवी उघड केला, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. अखेरीस वाजणाऱ्या ‘राडेट्स्की मार्च’ची एका नाझी पक्षसदस्याने केलेली वाद्ययोजनाही २०२० पासून सोडून देण्यात आली. मैफलीची गोडी त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही.

मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९५४ साली व्हिएन्नाला संगीत शिकायला गेले, तेव्हा बाँबने उद्ध्वस्त झालेले तेथील ऑपेरागृह अजून उघडायचे होते; ते उघडले १९५५ च्या नोव्हेंबरात. पुढे १९९० ते २०१५ या काळात मेहतांनी नववर्षाची मैफल पाच वेळा चालविली. पडझडीतून उभे राहणारे शहर ज्याने पाहिले, त्याच्या हाती ही चाल शोभते.

तरीही या मैफलीतील एक प्रथा मला खटकते. ‘निळी डॅन्यूब’चा पहिला कंप कानी पडताच श्रोते टाळ्या वाजवितात, संचालक थांबतो, नववर्षाच्या शुभेच्छा देतो आणि पुन्हा आरंभ करतो. सोहळा म्हणून हे लोभस आहे. कलेच्या दृष्टीने मात्र ओळखीच्या आनंदाने ऐकण्याचा आनंद हिरावून घ्यावा, तसे ते होते. टाळी पडते ती नाचाच्या आठवणीला, आणि तिच्याखाली दबते ती पहाटेसारखी उदास सुरावट, जिच्यामुळे नाचाला अर्थ येतो. येत्या १ जानेवारीला घरबसल्या ही मैफल ऐकणाऱ्यांनी टाळ्या विरेपर्यंत थांबावे, आणि दुसऱ्यांदा येणारा तो कंप व हॉर्नची हाक मन लावून ऐकावी. पाकाची तार तेथे जुळते.