खुब्याचे दुखणे आणि एका लेखिकेची पत्रे

आजारपणाविषयी जे साहित्य आपल्या कुटुंबांतून वाचले जाते, त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतील. पहिल्यात आजारी माणूस नवस बोलतो, नोव्हेना करतो आणि बरा होतो. दुसऱ्यात तो बरा होत नाही, परंतु हसतमुखाने वेदना सोशीत देवाघरी जातो. दोन्ही प्रकारांना आपापले स्थान आहे व दोहोंपासून अनेकांना धीर मिळाला आहे. मात्र ज्याचा आजार बरा होणार नाही आणि ज्या आजाराने मरणही येणार नाही, अशा माणसाच्या हाती द्यावे असे आपल्या कपाटात फारसे काही सापडत नाही.

गेल्या पावसाळ्यात, वयाच्या ४८व्या वर्षी, मी या तिसऱ्या वर्गात दाखल झालो. डाव्या जांघेत कित्येक महिने दुखत होते. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची खोबण यांच्यामध्ये जी मोकळी फट दिसायला हवी, ती जवळजवळ बुजली होती. झीज आहे, ती भरून येणार नाही, वजन आटोक्यात ठेवा, मांडी घालून बसू नका, शस्त्रक्रिया शक्य तेवढी लांबवू, एवढेच ते म्हणाले. त्या रविवारी मिस्सेत सारे देऊळ गुडघ्यांवर असताना मी एकटाच बाकावर बसून राहिलो आणि मला विलक्षण लाज वाटली. दुखण्यापेक्षा ती लाजच मला अधिक दिवस पुरली. त्याच सुमारास एका स्नेह्यांनी फ्लॅनरी ओकॉनर हिच्या पत्रांचा संग्रह माझ्या हाती दिला. प्रस्तुत लेख त्या वाचनातून उभा राहिला आहे.

ओकॉनर ही अमेरिकेतील जॉर्जिया राज्याची कॅथलिक लेखिका. तिचा जन्म १९२५ साली सव्हाना येथे झाला. भोवतालचा प्रदेश बहुतांशी प्रॉटेस्टंट, आणि त्यात नियमाने मिस्सेला जाणारे हे एक घर. १९५०च्या नाताळासाठी ती आगगाडीने घरी निघाली आणि पोहोचेपर्यंत गंभीर आजारी झाली. निदान ल्युपसचे निघाले. शरीराची रोगप्रतिकारक शक्ती शरीरावरच उलटते असा हा विकार. ती १५ वर्षांची असताना, १९४१ साली, याच विकाराने तिचे वडील गेले होते. आईने खरे निदान तिच्यापासून लपविले आणि संधिवात म्हणून वेळ निभावून नेली. आजाराचे खरे नाव तिला १९५२ साली सॅली फिट्झजेराल्ड या मैत्रिणीकडून कळले.

नव्याने निघालेल्या संप्रेरकांच्या औषधांनी तिचा जीव वाचविला. परंतु अशी औषधे मोठ्या प्रमाणात व दीर्घकाळ घेतल्यास खुब्यातील हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते हाड आतल्या आत मरू शकते, हे आज वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. १९५४ साली ओकॉनरच्या हाती काठी आली आणि १९५५ साली काखेत कुबड्या. तेव्हा तिचे वय अवघे ३० होते. वापराने सांधा झिजणे वेगळे आणि रक्तावाचून हाड मरणे वेगळे. माझे दुखणे पहिल्या जातीचे, तिचे दुसऱ्या. तरीही जिना दोघांनाही सारखाच उंच. मिलेजव्हिलजवळच्या आईच्या दुग्धशाळेच्या शेतावर तिने तळमजल्यावरच्या एका खोलीत बिऱ्हाड केले. सकाळचे दोनतीन तास लेखन, उरलेला दिवस त्या श्रमांतून सावरणे आणि अंगणातल्या मोरांची देखभाल, असा क्रम तिने अखेरपर्यंत चालविला.

तिच्या मृत्यूनंतर १५ वर्षांनी, १९७९ साली, ‘द हॅबिट ऑफ बीईंग’ या नावाने सॅली फिट्झजेराल्ड यांनी तिची पत्रे संपादित केली. या पत्रांत आजाराला किती जागा मिळते आणि ती कोठे मिळते, हे पाहण्यासारखे आहे. पत्राच्या आरंभी तो सहसा नसतो. एखाद्या पुस्तकाची चर्चा संपते, मग दोनतीन वाक्यांत खुब्याची हकीकत येते, आणि लगेच मोर, शेजारी किंवा हस्तलिखित यांचा विषय निघतो. त्या दोनतीन वाक्यांत मात्र मोघमपणा नसतो. डॉक्टर काय म्हणाले, पायावर भार किती काळ द्यायचा नाही, हाड सुधारले नाही तर पुढे काय, हे ती हिशेबाच्या वहीत नोंद करावी तसे लिहिते. दुखण्याला त्याचे नेमके माप द्यावे, कमी नाही आणि जास्तही नाही, ही या पत्रांची पहिली शिकवण.

दुसरी शिकवण विनोदाची आहे. कुबड्यांवर चालायला शिकताना ती स्वतःला कधी अवजड वानराची उपमा देते, तर कधी बाहेरून कमानींचे टेकू दिलेल्या गॉथिक देवळाची. ही दुसरी उपमा गमतीची वाटली तरी तिच्यात अर्थ आहे. गॉथिक वास्तूतील ते दगडी टेकू इमारत खचल्यावर लावलेले नसतात. त्यांच्यामुळेच भिंत उंच चढविता येते आणि तिला मोठ्या खिडक्या ठेवता येतात. आधार हा रचनेचाच भाग असतो. काठी हातात घेण्यापूर्वी मी तीन महिने चालढकल केली. लोक काय म्हणतील, याच एका भयाने. ही उपमा तेव्हा मला ठाऊक असती, तर ते तीन महिने वाचले असते.

परंतु पत्रांपेक्षाही या विषयावर अधिक खोल बोलते ती तिची ‘द एन्ड्युअरिंग चिल’ ही १९५८ सालची कथा. अ‍ॅसबरी नावाचा एक अयशस्वी तरुण लेखक न्यूयॉर्कहून आईच्या शेतावर परततो. आपण मरणार याची त्याला खात्री आहे, आणि त्या मरणात त्याला एक प्रकारची भव्यता दिसते. तो आईसाठी एक लांबलचक आरोपपत्र लिहून ठेवतो. बुद्धिमान संभाषणासाठी तो एका जेझुइट धर्मगुरूला बोलावून घेतो. येतात ते एका डोळ्याने अधू व एका कानाने बहिरे असे फादर फिन. साहित्याच्या गोष्टी बाजूला सारून ते त्याला प्रार्थना करतोस का, असे विचारतात आणि प्रश्नोत्तरीतील साधे प्रश्न घालतात. शेवटी गावच्या डॉक्टरला, ज्याला अ‍ॅसबरी तुच्छ लेखतो, खरे निदान सापडते. न तापवलेले दूध प्याल्याने त्याला गुरांपासून येणारा ताप जडला आहे. हा ताप पुन्हा पुन्हा येईल, पण तो मारणार नाही.

कथेचा हा शेवट वरवर विनोदी आहे, आणि तोच भयंकरही आहे. अ‍ॅसबरीकडून मरण काढून घेतले जाते आणि त्याबरोबर त्याचा मोठेपणाही. आता त्याला जगायचे आहे, तेही त्याच खोलीत, त्याच आईजवळ, त्याच दुखण्यासह. मध्यम वयात सांध्याच्या झिजेचे निदान झालेल्या माणसाला या कथेत आपली अवस्था ओळखू येईल. आपल्या दुखण्याला कोणी शोकसभा घेणार नाही. घरचे चार दिवस विचारपूस करतील आणि मग दळण कोण आणणार, याच प्रश्नावर घर परत येईल. हा क्षुल्लकपणाच सर्वांत जड असतो. वेदनेला मोठे नाव देऊन आपण त्यातून सुटू पाहतो. ओकॉनर ती पळवाट बंद करते.

अपंगत्व माणसाला आपोआप पवित्र करते, हा समजही तिला मान्य नाही. १९५५ सालच्या ‘गुड कंट्री पीपल’ या कथेतील हुल्गा ही लाकडी पायाची, तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळविलेली स्त्री. आपल्या पायाला ती एखाद्या मूर्तीप्रमाणे जपते, गरज नसताना पाय आपटीत चालते, आणि त्या पायाचाच तिला गर्व आहे. बायबल विकणारा एक भामटा नेमका तोच पाय चोरून नेतो. ही कथा लिहिताना लेखिकेच्या स्वतःच्या हाती काठी होती, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या प्रामाणिकपणाची कल्पना येते. ‘द लेम शॅल एंटर फर्स्ट’ या १९६२ सालच्या कथेत दुसरी बाजू आहे. तेथे शेपर्ड नावाचा परोपकारी गृहस्थ वाकड्या पायाच्या एका मुलाला नवा खास बूट करून देतो, आणि मुलगा तो नाकारतो. शेपर्डला मुलापेक्षा आपला चांगुलपणा प्रिय आहे. या परोपकाराच्या नादात स्वतःच्या पोरक्या मुलाकडे त्याचे दुर्लक्ष होते आणि तो मुलगा गमावला जातो. आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्या आपण सर्वांनी ही कथा एकदा तरी वाचावी.

या पत्रांना मर्यादाही आहेत. ओकॉनरचा विनोद पुष्कळदा पडद्याचे काम करतो. रात्री कूस बदलताना काय होते, हे ती सांगत नाही, आणि दुखणाऱ्या वाचकाला तेच हवे असते. घर आणि शेत सांभाळून मुलीची सेवा करणारी आई रेजिना पत्रांतून हास्यकारक प्रसंगांची नायिका म्हणून अधिक दिसते. कथांतील आयांच्या वाट्याला तर बहुधा उपहासच येतो. आजारी माणसाच्या घरात दुसरे एक माणूस थकत असते, याची नोंद या साहित्यात अपुरी आहे. काही पत्रांतील कृष्णवर्णीयांविषयीचे उद्गारही खटकतात, आणि त्याबद्दल तिला दोष देणाऱ्या टीकाकारांचे म्हणणे रास्त आहे.

तरीही एका मुद्द्यावर तिचे ऋण मान्य केले पाहिजे. आपल्याकडे सहनशीलता आणि निमूटपणा यांची गल्लत होते. १९५८ साली एका वृद्ध नातेवाईक स्त्रीच्या आग्रहाने ओकॉनर लूर्डला गेली. तेथील पाण्यात उतरायला ती नाखूष होती. उतरली तेव्हा, तिच्याच सांगण्यानुसार, तिने हाडांपेक्षा हातातल्या कादंबरीसाठी प्रार्थना केली. त्या वर्षअखेरीस डॉक्टरांना हाडात सुधारणा दिसली आणि घरातल्या घरात कुबड्यांवाचून चालण्याची मुभा मिळाली. कादंबरीही पुरी झाली. सुधारणा टिकली नाही. पुढे शस्त्रक्रियेचा विचार झाला, पण ल्युपस उसळेल या भीतीने तिच्या डॉक्टरांनी तो मोडीत काढला. त्याच सुमारास, १९६२ साली, इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे जॉन चार्न्ली यांनी धातूचा गोळा व प्लास्टिकची खोबण असलेला कृत्रिम खुबा बसविण्याची पद्धत सिद्ध केली. माझे डॉक्टर जी शस्त्रक्रिया लांबवीत आहेत, तिची परंपरा तेथून सुरू होते. ओकॉनरला तिचा लाभ झाला नाही. १९६४च्या आरंभी दुसऱ्याच एका शस्त्रक्रियेनंतर ल्युपस खरोखरच उसळला आणि ३ ऑगस्ट १९६४ रोजी, वयाच्या ३९व्या वर्षी, ती निवर्तली.

शेवटच्या वर्षांत तिला फादर तेलार द शार्दँ यांच्या लेखनातील एक कल्पना फार मोलाची वाटली. माणसाच्या इच्छेवाचून त्याच्यातून जे कमी होत जाते, ती घट. या घटीशी आधी सर्व शक्तीनिशी झगडावे, औषध घ्यावे, उपाय शोधावा, आणि जेथे उपाय संपतो तेथेच तिचा स्वीकार करावा, असा तो विचार आहे. क्रम महत्त्वाचा. झगडण्यापूर्वीचा स्वीकार हा आळस होय, आणि उपाय संपल्यावरही स्वीकार न करणे हा हट्ट. ओकॉनरने कर्करोगग्रस्त बालिका मेरी अ‍ॅन हिच्या, १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्राला प्रस्तावना लिहिताना ही कल्पना वापरली. ती वाचताना, लेखिका स्वतः कुबड्यांवर होती, याची वाचकाला कोठेही जाणीव करून दिली जात नाही.

ज्यांना हे साहित्य वाचावयाचे असेल त्यांनी ‘द एन्ड्युअरिंग चिल’पासून आरंभ करावा आणि मग १९५५ ते १९५८ या काळातील पत्रांकडे वळावे. इंग्रजी फार अवघड नाही. घरातील कॉलेजला जाणारे मूल शेजारी बसले तर उत्तमच, कारण ही पत्रे मोठ्याने वाचण्यासारखी आहेत. मी व्यायाम नियमाने करतो, काठी उघडपणे वापरतो आणि मिस्सेत घंटा वाजली की बाकावर बसूनच मान लववितो. परवा पुढच्या बाकावरील एक मध्यमवयीन भगिनी गुडघे टेकता टेकता थांबली, मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि तीही बसून राहिली. मिस्सा संपल्यावर दारात तिने विचारले, “तुमचा कोणता, डावा की उजवा?” मी तिला पुस्तकाचे नाव सांगितले.