१.२५ भागिले आर: अर्धंच उत्तर

लेझर डायोडचा ड्रायव्हर स्वतः बनवायचा म्हटलं की सगळ्यात आधी हाती लागतं ते एलएम३१७चं सर्किट. एक रेग्युलेटर, एक रेझिस्टर आणि एक सूत्र: करंट म्हणजे १.२५ भागिले आर. १०० मिलिअँप हवेत? १२.५ ओहम लावा, झालं! पहिल्या वर्षी मीही एवढंच वाचलं आणि एक डायोड गमावला. सर्किट वाईट नाही. त्याच्यासोबत फिरणारं स्पष्टीकरण अपुरं आहे, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे.

पहिली गोष्ट, हे सूत्र कमाल करंट सांगत नाही. डेटाशीट उघडून बघा: १.२५ व्होल्ट हा टिपिकल आकडा आहे, प्रत्यक्षात तो १.२० ते १.३० मध्ये कुठेही असू शकतो. तुम्ही १० ओहमचा, ५ टक्के टॉलरन्सचा रेझिस्टर लावलात तर अपेक्षा १२५ मिलिअँपची. पण वाईटात वाईट हिशेब १.३० भागिले ९.५, म्हणजे १३७. डायोडची मर्यादा १३० असेल तर? म्हणून रेझिस्टर निवडताना आधी हा हिशेब करा.

माझा डायोड मात्र पॉटमुळे गेला. करंट बदलता यावा म्हणून मी रेझिस्टरच्या जागी नुसता पॉट लावला होता. वायपर क्षणभर सुटला की करंट तुटतो, रेग्युलेटर आउटपुट वर ढकलतो, आणि वायपर परत टेकताच डायोडला झटका बसतो. तेव्हा पॉट थेट करंटच्या वाटेत नको.

दुसरी गोष्ट उष्णतेची. १२.५ ओहममधून १०० मिलिअँप म्हणजे ०.१२५ वॉट. पाव वॉटचा रेझिस्टर जळणार नाही, पण तापेल. तापला की त्याचं मूल्य सरकतं. समजा तुम्हाला रुबिडियमची ७८० नॅनोमीटरची रेषा बघायची आहे. तिची नैसर्गिक रुंदी सुमारे ६ मेगाहर्ट्‌झ. डायोडची फ्रिक्वेन्सी दर मिलिअँपला ३ गिगाहर्ट्‌झ सरकते असं धरलं, तर २ मायक्रोअँपच्या फरकात तुम्ही रेषेच्या रुंदीइतके हललात. १०० मिलिअँपमध्ये हे २० पीपीएम. रेझिस्टर १०० पीपीएम प्रति अंशाचा असेल, तर तापमानात ०.२ अंशाचा बदल पुरेसा आहे. पंखा लावला तरी तेवढा होतो!

उपाय साधा आहे. ४९.९ ओहमचे, कमी पीपीएमचे चार रेझिस्टर समांतर जोडा. उष्णता चौघांत वाटली जाते.

पण इथेच सर्किटची खरी मर्यादा दिसते: रेझिस्टर कितीही चांगला आणा, एलएम३१७चा स्वतःचा संदर्भही तापमानासोबत सरकतो. स्पेक्ट्रोस्कोपीसाठी लिब्रेख्ट आणि हॉल यांचा १९९३चा पेपर वाचा. तिथे सेन्स रेझिस्टरवरचं व्होल्टेज ऑप-अँप एका वेगळ्या, स्थिर संदर्भाशी ताडून बघतो. नुसता प्रकाश हवा असेल तर एलएम३१७ पुरे.

आणि डायोड जोडण्याआधी त्याच्या जागी दोन-तीन साधे डायोड आणि १ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावून बघा. त्या रेझिस्टरवर १०० मिलिव्होल्ट म्हणजे १०० मिलिअँप. मी हे केलं असतं तर माझा डायोड वाचला असता.