विषुववृत्ताचे अर्धे उत्तर

शाळेतल्या मुलांच्या विज्ञान शिबिरांत मी एक प्रश्न नेहमी विचारतो. उपग्रह सोडण्यासाठी विषुववृत्ताजवळची जागा का पसंत करतात? लगेच बरेच हात वर होतात आणि उत्तर ठरलेले असते : ‘पृथ्वीचा पृष्ठभाग विषुववृत्तावर सर्वांत वेगाने फिरतो, त्या वेगाचा अग्निबाणाला फायदा मिळतो.’ सोबतचे शिक्षकही मान डोलावतात. हे उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. आणि दळणवळण उपग्रहांच्या बाबतीत तर ते लहानसे अर्धे आहे. तक्रार मुलांविषयी नाही. विज्ञानावर लिहिणारे माझ्यासारखे लोक हे उत्तर वर्षानुवर्षे देत आले, आणि त्यापुढे आकडा मांडून पाहायला विसरले.

आकडा मांडण्यासाठी एक चांगले उदाहरण घेऊ. १९९५ साली अमेरिकेची बोइंग, रशियाची एनर्जिया, नॉर्वेची क्वेर्नर आणि युक्रेनमधल्या अग्निबाण बनवणाऱ्या संस्था यांनी मिळून ‘सी लाँच’ ही कंपनी काढली. समुद्रातल्या तेलविहिरी खणण्यासाठी बांधलेला एक तरंगता फलाट त्यांनी घेतला, त्याचे रूपांतर उड्डाणतळात केले आणि त्याला ‘ओडिसी’ नाव दिले. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच बंदरातून हा फलाट ५,००० किलोमीटरहून अधिक प्रवास करून प्रशांत महासागरात नेमका विषुववृत्तावर, १५४ अंश पश्चिम रेखांशावर जाई. उड्डाणापूर्वी माणसे सोबतच्या जहाजावर जात, जहाज काही किलोमीटर दूर सरके आणि रिकाम्या फलाटावरून झेनिट अग्निबाण सुटे. पहिले चाचणी उड्डाण मार्च १९९९ मध्ये झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिला व्यापारी उपग्रह गेला.

एवढा खटाटोप कशासाठी? ठरलेले उत्तर तपासून पाहू. विषुववृत्तावर जमिनीचा वेग सेकंदाला ४६५ मीटर असतो. अमेरिकेतले केप कॅनव्हेरल २८.५ अंश उत्तरेला आहे. तिथे हा वेग ४६५ गुणिले कोज्या २८.५, म्हणजे ४०९ मीटर. फरक फक्त ५६ मीटरचा. पृथ्वीलगतच्या कक्षेत फिरायलाच सेकंदाला सुमारे ७,८०० मीटर वेग लागतो. त्यापुढे ५६ मीटर म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. एवढ्यासाठी कोणी महासागरात फलाट ओढत नेईल का?

उरलेले अर्धे उत्तर समजण्यासाठी एक रबरी चेंडू आणि एक रबरबँड घ्या. चेंडूच्या मध्यावर विषुववृत्ताची रेघ काढा आणि तिच्या वर एक ठिपका द्या. आता त्या ठिपक्यावरून, विषुववृत्ताला समांतर असा रबरबँड चढवून पाहा. तो वर सरकून निसटतो. टिकायचा असेल तर त्याने चेंडूचे दोन समान भाग करायला हवेत. मग तो ठिपक्यावरून जाऊन पलीकडच्या बाजूला विषुववृत्ताच्या तितकाच खाली उतरतो. उपग्रहाच्या कक्षेचेही असेच आहे, कारण तिची पातळी पृथ्वीच्या केंद्रातूनच जावी लागते. म्हणून २८.५ अंशांवरून सरळ सोडलेल्या उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी निदान २८.५ अंशांनी कललेली असणारच.

दूरदर्शन किंवा दूरध्वनीचा उपग्रह मात्र आकाशात एका जागी स्थिर दिसायला हवा. त्यासाठी त्याची कक्षा सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आणि नेमकी विषुववृत्ताच्या पातळीत लागते. म्हणजे वर गेल्यावर हा कल काढून टाकावा लागतो. धावत्या वस्तूची दिशा वळवायची तर वेग वाढवण्याइतकेच इंधन खर्च होते, कारण वेग ही सदिश राशी आहे. आपण नववी-दहावीत सदिश शिकवतो, पण ते इथे वापरत नाही.

फळ्यावर एक त्रिकोण काढा. लंबवर्तुळाकार कक्षेतून ३६,००० किलोमीटरवर पोहोचलेल्या उपग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे १.६ किलोमीटर असतो आणि तिथे टिकायला ३.०७ किलोमीटर लागतो. एका बिंदूपासून १६ आणि ३०.७ सेंटिमीटरच्या दोन रेषा काढा. त्यांच्यामधला कोन म्हणजे कक्षेचा कल. दोन्ही टोके जोडणारी तिसरी रेषा मोजली की लागणारा वेगबदल मिळतो. कोन शून्य असेल तर ती १४.७ सेंटिमीटर भरते, २८.५ अंश असेल तर १८.३. कझाकस्तानातल्या बैकानूरहून अग्निबाण साधारण ५१.६ अंशांच्या कलाने सुटतात, तेव्हा ती २४.३ होते. म्हणजे कॅनव्हेरलच्या मानाने विषुववृत्तावर सेकंदाला ३६० मीटर वाचले आणि बैकानूरच्या मानाने ९६० मीटर. अभियंते काही युक्त्यांनी हा खर्च थोडा कमी करतात, पण तो नाहीसा होत नाही.

३६० मीटरची किंमत किती? भूस्थिर उपग्रहाला आपल्या जागी टिकून राहण्यासाठी दरवर्षी सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगबदलाचे इंधन लागते. म्हणजे वाचलेल्या इंधनात तो सुमारे सात वर्षे अधिक काम करू शकतो. व्यापारी कंपनीला हा हिशेब कळतो. झेनिटचाच दाखला पाहा. ओडिसीवरून तो सुमारे ६ टन वजनाचा उपग्रह भूस्थिर कक्षेच्या वाटेला लावू शकत असे. २००८ पासून त्याचेच किंचित बदललेले रूप बैकानूरहून उडू लागले, तेव्हा हा आकडा सुमारे ३.६ टनांवर आला. पृथ्वीच्या फिरण्यातला फरक सेकंदाला २०० मीटरही नाही. मोठा घास कक्षेच्या कलाने घेतला.

पण गणित इथेच थांबवले तर आपण दुसरे अर्धे उत्तर देऊ. हाच त्रिकोण फ्रेंच गयानातल्या कुरूसाठी काढा. अक्षांश ५.२, तिसरी रेषा १४.८ सेंटिमीटर. विषुववृत्तापासूनचा फरक मिलिमीटरभर! म्हणजे कुरूच्या तुलनेत ओडिसीला भौतिकशास्त्राने जवळजवळ काहीच जादा दिले नाही. खरा लाभ झेनिटचा होता. त्याचा जुना तळ उत्तरेला अडकलेला होता, आणि समुद्राने त्याला विषुववृत्त दिले. शिवाय पूर्वेला मोकळे पाणी होते, वस्तीवर अवशेष पडण्याचा धोका नव्हता.

आणि तरीही कंपनी टिकली नाही. मार्च २००० मध्ये एक उड्डाण फसले. जानेवारी २००७ मध्ये अग्निबाण फलाटावरच फुटला. जून २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, पुढे ती रशियन भागीदाराकडे गेली. २०१३ मध्ये आणखी एक उपग्रह समुद्रात पडला. मे २०१४ मधले छत्तिसावे उड्डाण शेवटचे ठरले. त्याच वर्षी रशिया आणि युक्रेनमध्ये संघर्ष पेटला होता आणि अग्निबाणाचे भाग तर दोन्हीकडून येत. २०२० मध्ये फलाट आणि जहाज रशियाच्या पूर्व किनाऱ्यावर नेण्यात आले. त्यानंतर ओडिसीवरून उड्डाण झालेले नाही. त्रिकोण बरोबर होता, पण त्यात विमा, बाजारभाव आणि दोन देशांचे संबंध यांच्यासाठी बाजू नव्हती.

अर्ध्या उत्तराने वर्गात काय बिघडते? आपल्याकडचेच उदाहरण घ्या. तामिळनाडूत कुलशेखरपट्टिनम येथे देशाच्या दुसऱ्या उड्डाणतळाची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. श्रीहरिकोटा १३.७ अंशांवर, कुलशेखरपट्टिनम सुमारे ८.४ अंशांवर. ठरलेले उत्तर पाठ केलेला विद्यार्थी लगेच सांगेल : विषुववृत्ताजवळ, म्हणून अधिक वेग मिळतो! पण हा तळ मुख्यतः ध्रुवीय कक्षेत जाणाऱ्या लहान अग्निबाणांसाठी आहे. ते दक्षिणेकडे सुटतात, त्यांना पृथ्वीच्या पूर्वेकडे फिरण्याचा उपयोग नसतो. खरे कारण नकाशात आहे. श्रीहरिकोट्याहून दक्षिणेकडे जाताना श्रीलंका टाळण्यासाठी वळसा घ्यावा लागतो, आणि वळणे किती महाग पडते ते आपण फळ्यावर पाहिलेच.

पुढच्या वेळी हा प्रश्न वर्गात आला की आधी दोन प्रतिप्रश्न विचारा : उपग्रह कोणत्या कक्षेत जायचा आहे, आणि फायदा किती मीटरचा? मग चेंडू, रबरबँड आणि पट्टी मुलांच्या हाती द्या. श्रीहरिकोट्यासाठीचा त्रिकोण मी मुद्दामच काढून दाखवलेला नाही.